अडत्या नेमका कोणाचा माणूस? लातूर-नांदेडच्या मोंढ्यात 'मधला' धंदा कसा चालतो

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक सुरू झाली की एक गोष्ट हमखास दिसते. गाडीतून पोती उतरवणाऱ्या शेतकऱ्याला आज भाव काय निघेल हे ठाऊक नसतं. माल कोण घेईल हेही ठाऊक नसतं. पण पोती कोणाच्या दुकानासमोर उतरवायची, हे मात्र घरून निघतानाच ठरलेलं असतं. बऱ्याचदा वडिलांच्या काळापासून ठरलेलं असतं.

ते दुकान असतं अडत्याचं.

अडत्या हा शब्द मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण तो नेमकं काय करतो, असं विचारलं तर बहुतेक जण 'माल विकत घेतो' असं सांगतात. ते बरोबर नाही. अडत्या म्हणून काम करताना तो माल विकत घेत नाही. शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला दाखवतो, सौदा घडवून आणतो, वजन करून घेतो, पैसे चुकते करतो आणि या सगळ्यासाठी विक्रीच्या रकमेवर ठरावीक टक्के घेतो. त्या टक्क्याला म्हणायचं अडत. खरेदी करणारा वेगळा. तो डाळमिलचा, तेल काढणाऱ्या कारखान्याचा किंवा परगावी माल पाठवणारा व्यापारी असतो.

म्हणजे अडत्याला दोन गिऱ्हाइकं असतात. एक माल विकणारा, एक माल घेणारा. दोघांपैकी एकही दुकानावर आला नाही तर त्याचा धंदा शून्य. अर्थशास्त्रात अशा धंद्यांना 'दुहेरी बाजार' किंवा 'दुतर्फा बाजार' म्हणतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत जगातल्या सगळ्यात बड्या कंपन्या याच प्रकारच्या निघाल्या आहेत.

दोन बाजूंचा धंदा म्हणजे काय?

किराणा दुकानातला तो बोलणारा डबा आठवा. 'पन्नास रुपये प्राप्त झाले' म्हणणारा. एका बाजूला पैसे देणारे तुम्ही, दुसऱ्या बाजूला पैसे घेणारा दुकानदार, मध्ये कंपनी. तुमच्याकडून काहीच घेतलं जात नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं व्यवहार शुल्कही सरकारने शून्य केलं. पण तो डबा दुकानदाराला बहुधा भाड्याने मिळतो. नांदेडहून पुण्याला जायचं तिकीट ॲपवर काढता तेव्हाही तसंच. तुम्ही एक बाजू, ट्रॅव्हल्सवाला दुसरी. वर्तमानपत्र घ्या. अंक छापायला लागतो त्यापेक्षा कमी किमतीत वाचकाच्या हातात पडतो, कारण बाकीचे पैसे जाहिरातदार भरतो. गावोगावची वधू-वर सूचक मंडळं तर इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून हेच करत आली आहेत.

या सगळ्यांत एक साम्य आहे. एका बाजूला जितकी गर्दी, तितकं दुसऱ्या बाजूला यावंसं वाटतं. ज्या मोंढ्यात पन्नास खरेदीदार बोली लावतात तिथे शेतकरी चाळीस किलोमीटरवरूनही येतो. आणि जिथे हजारो क्विंटल माल उतरतो तिथे खरेदीदार आपोआप येतो.

फ्रान्सचे अर्थतज्ज्ञ जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ मध्ये या विषयावर एक शोधनिबंध लिहिला. तिरोल यांना पुढे २०१४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते बाजारातली सत्ता आणि तिच्यावरचं नियंत्रण यावरच्या एकूण कामासाठी. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: अशा धंद्यात मधल्या माणसाने एकूण किती घेतलं एवढंच बघून चालत नाही. ते कोणाकडून घेतलं, हेही तितकंच महत्त्वाचं असतं. एका बाजूला स्वस्त किंवा फुकट ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूकडून वसूल करायचं, हीच या धंद्याची खरी चाल.

मोंढ्यात नेमका याच प्रश्नावर सरकार, अडते आणि शेतकरी यांच्यात वाद होत आला आहे. त्याकडे येऊच. आधी मोंढा.

मोंढा आला कुठून?

मराठवाड्यात धान्यबाजाराला मोंढा म्हणतात. नांदेडचा 'नवा मोंढा' तर शहरातला पत्ता सांगायची खूण झाला आहे. लातूरची गंजगोलाई हेही बाजाराचंच ठिकाण, गंज म्हणजे बाजारपेठ. मध्ये गोल इमारत आणि तिच्याकडे येणारे सोळा रस्ते. नकाशावर बघितलं तर दोन्ही बाजूंना एका जागी आणायचं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाजाराला कायद्याच्या चौकटीत बसवायची सुरुवात आपल्याकडे कापसापासून झाली. वऱ्हाडातल्या कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियंत्रित झाला, तो देशातला असा पहिला बाजार मानला जातो. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर नियंत्रित बाजार उभारायची शिफारस केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे १९३० मध्ये हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा शेतमाल बाजार कायदा आला. आज लागू आहे तो महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणि त्याखालचे १९६७ चे नियम.

कायद्याची गरज का पडली? कारण त्याआधी भाव ठरायचा रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवत. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, पण किती बोटं दाबली गेली ते त्याला दिसायचं नाही. शिवाय वजनात मारलेली सूट, नमुना म्हणून काढून घेतलेलं धान्य, धर्मादाय म्हणून कापलेले पैसे. नियंत्रित बाजाराने उघड लिलाव, परवाना असलेले अडते आणि खरेदीदार, ठरलेल्या दरातली हमाली-तोलाई आणि छापील हिशेबपट्टी आणली. ही छोटी सुधारणा नव्हती. आज बाजार समित्यांवर टीका करणं सोपं आहे (आणि टीका करण्यासारखं बरंच आहे), पण रुमाल निघाला तो याच व्यवस्थेमुळे.

अडत्या ज्याचे पैसे घेतो, ते काम कोणतं?

सोयाबीनचा एक ढीग घ्या. खरेदीदाराला त्यात तीन गोष्टी बघायच्या असतात: ओल किती, माती-काडीकचरा किती, डागी आणि फुटका दाणा किती. हातात मूठभर दाणे घेऊन, दाताखाली चावून तो अंदाज करतो, हल्ली यंत्रावरही ओल मोजतात. दिवसाला शेकडो ढीग. प्रत्येक ढिगाच्या मालकाशी स्वतंत्र घासाघीस करायला खरेदीदाराला वेळ नाही. शेतकऱ्यालाही प्रत्येक कारखान्याचं दार ठोठावणं परवडत नाही. ही गाठ घालून देणं हे अडत्याचं पहिलं काम.

दुसरं काम जास्त मोलाचं आहे, आणि ते दिसत नाही. ते म्हणजे पैशाची हमी.

खरेदीदार अनेकदा माल आज उचलतो आणि रक्कम काही दिवसांनी देतो. नियम सांगतो की वजन झाल्यावर शेतकऱ्याला पैसे लगेच मिळाले पाहिजेत. मधली दरी भरतो अडत्या. तो स्वतःच्या खिशातून शेतकऱ्याला देतो आणि खरेदीदाराकडून सवडीने वसूल करतो. खरेदीदाराने बुडवलं तर तोटा अडत्याचा, निदान कागदावर तरी. म्हणजे अडत हा केवळ ओळख करून दिल्याचा मोबदला नाही. त्यात थोडं व्याज आहे आणि थोडा विमा आहे.

तिसरं काम उचल देण्याचं. पेरणीच्या वेळी बियाणं-खताला, मुलाच्या फीला, दवाखान्याला पैसे लागले की बँकेआधी आठवतो तो अडत्या. तारण नाही, सात-बारा नाही, रात्रीसुद्धा मिळतात. फक्त एक न लिहिलेली अट असते: माल माझ्याच दुकानावर आला पाहिजे.

इथेच अडत्याचं आणि ॲपचं नातं जुळतं. दोन बाजूंच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती असते गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची. ॲपवाले त्यासाठी सवलतीचे कूपन देतात. अडत्या उचल देतो. कूपन घेऊनही तुम्ही उद्या दुसऱ्या ॲपवर जाऊ शकता. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला मात्र शेजारच्या दुकानात पन्नास रुपये जास्त निघत असतील तरी पोती तिकडे नेणं अवघड जातं.

मग अडत कोणी द्यायची?

पूर्वापार पद्धत होती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेण्याची. २० डिसेंबर २०१४ रोजी राज्याच्या पणन संचालकांनी आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. राज्यभरातले अडते आणि व्यापारी खवळले आणि सरकारने त्या आदेशाला लगेचच स्थगिती दिली. पुढे जुलै २०१६ मध्ये सरकारने अध्यादेश काढून फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला आणि अडतीचा भार खरेदीदारावर टाकला. तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते.

आता जरा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. १० क्विंटल सोयाबीन, बोली ४,२०० रुपये क्विंटल, अडत २ टक्के. अडत शेतकऱ्याने भरली तर ४२,००० मधून ८४० गेले, हातात ४१,१६०.

अडत खरेदीदाराने भरायची ठरली. पण त्याच्या डोक्यात माल पडतळीचा आकडा ४२,००० चाच आहे. मग तो बोलीच ४,११८ च्या आसपास लावेल, म्हणजे अडत धरून त्याचा खर्च तेवढाच राहील. शेतकऱ्याच्या हातात किती? साधारण ४१,१८०. फरक वीस रुपयांचा!

म्हणजे पट्टीवरचा 'अडत' हा रकाना कोरा झाला म्हणून शेतकऱ्याचे ८४० रुपये वाचले असं होत नाही. बोली लावणारे थोडे असतील आणि आपसात ठरवून बसले असतील तर भार फिरून शेतकऱ्यावरच येतो. खरेदीदारांमध्ये खरी चुरस असेल, किंवा भावाला खालून काही आधार असेल, तरच नियम बदलल्याचा फायदा शेतकऱ्याच्या हातात उरतो. रोशे आणि तिरोल यांचंही म्हणणं हेच होतं. शुल्क इकडून तिकडे सरकवल्याने दोन बाजूंनी भाव बदलून ते फेडून टाकलं, तर कोणाकडून घेतलं याला अर्थ उरत नाही. फेडून टाकता आलं नाही, तरच उरतो.

माझ्या मते अडतीवरच्या राजकीय भांडणात हा मुद्दा कायम मागे पडला. टक्क्यावर बरंच बोललं गेलं. लिलावात नेमके किती जण बोली लावतात, हे कोणी मोजलं नाही.

एक बाजू उठून गेली तर?

ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजार रुपये दंड असावा. ऐकायला चांगला निर्णय. परिणाम असा झाला की व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. मूग-उडदाचा हंगाम तोंडावर होता. शेतकरी होता, माल होता, अडत्याचं दुकान उघडं होतं, पण बोली लावायला कोणी नव्हतं. हमीभाव कागदावर होता आणि बाजारात भावच नव्हता.

दोन बाजूंच्या धंद्याची ही मूळ कमजोरी. एका बाजूला धमकावून आत ठेवता येत नाही. ती उठली की दुसरी बाजू तिथेच अडकून पडते.

खरं तर मोंढ्याला दोनच बाजू नसतात. हमाल आणि मापाडी ही तिसरी. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण दिलं. हमालांनी काम थांबवलं की खरेदीदार हजर असूनही पोतं जागचं हलत नाही. बाजार समितीच्या संचालक मंडळात त्यांचा प्रतिनिधी असतो. अठरा जागांपैकी अकरा सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून, चार ग्रामपंचायतीतून, दोन व्यापारी-अडत्यांच्या आणि एक हमाल-मापाड्यांची. निवडून आलेले लोक बाजार कसा चालवतात हा वेगळा विषय, आणि समितीचं राजकारण कोणत्या नेत्याच्या घरातून चालतं हे तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जेवण पोहोचवणाऱ्या किंवा गाडी बोलावणाऱ्या ॲपच्या संचालक मंडळावर ना हॉटेलवाला बसतो, ना गाडीचा चालक.

अडत्याला पर्याय आले, पण तो गेला नाही

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम सुरू केलं. देशभरातल्या बाजार समित्या एका संकेतस्थळाने जोडायच्या, म्हणजे लातूरच्या ढिगावर दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला व्यापारीही बोली लावेल. महाराष्ट्रातल्या शंभरहून अधिक समित्या त्यात आल्या. कल्पना चोख आहे. बोली लावणारे वाढले तर वरच्या हिशेबातला शेतकऱ्याचा हिस्सा खरोखर वाढतो. पण दूरच्या खरेदीदाराला माल न बघता घ्यायचा तर ओल आणि काडीकचरा तपासणारी, सगळ्यांना मान्य होणारी प्रयोगशाळा जागेवर लागते. आणि ई-नाम उचल देत नाही.

२०२० च्या केंद्रीय कायद्यांनी बाजार समितीबाहेर खरेदी-विक्री मोकळी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ ला त्यांना स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले. महाराष्ट्रात मात्र थेट खरेदीचे परवाने आणि खासगी बाजार त्याआधीपासूनच होते, त्यामुळे कारखान्याच्या दारात माल घालणारे शेतकरी तेव्हाही होते, आताही आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या हा आणखी एक मार्ग.

आणि सरकारी खरेदी? सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. खरेदी केंद्रावर माल द्यायचा तर आधी नोंदणी, मग संदेशाची वाट, आणि ओल १२ टक्क्यांच्या आत. २०२४ च्या हंगामात पावसामुळे ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. परतीच्या पावसात भिजलेलं, १८ टक्के ओलीचं सोयाबीन घेऊन शेतकरी उभा असतो तेव्हा केंद्र त्याला परत पाठवतं. अडत्या ठेवून घेतो. भाव कापून, पण ठेवून घेतो, आणि संध्याकाळी हातात पैसे देतो. हमीभाव वर आणि बाजारभाव खाली असतानाही मोंढा का भरतो, याचं निम्मं उत्तर यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर कर्जात आहे. म्हणूनच एका जुन्या योजनेची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, असं वाटतं. राज्याचं कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवतं. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची आणि सहा महिन्यांत भाव बघून विकायचा. अडत्याची जी गोष्ट शेतकऱ्याला बांधून ठेवते, तीच इथे दुसऱ्याकडून मिळते. अडचण एवढीच की समितीकडे गोदाम असावं लागतं, त्यात जागा असावी लागते आणि योजना राबवायची इच्छा असावी लागते.

नांदेडच्या हळदीचं उदाहरण थोडं वेगळं आहे. नवा मोंढ्यात हळद येते ती नांदेड जिल्ह्यातून, हिंगोली-परभणीकडून. पण या शेतकऱ्याला जवळच हिंगोली आणि वसमतचा बाजार आहे, पलीकडे तेलंगणात निजामाबाद आहे, आणि मोठा लॉट असेल तर सांगली. शिजवून, वाळवून, घोळून ठेवलेली हळद सोयाबीनसारखी घाई करत नाही. ती महिनोन्महिने ठेवता येते. चार ठिकाणचे भाव फोनवर विचारून शेतकरी ठरवतो. ज्याला चार दारं उघडी असतात, त्याच्याशी मधला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

अडत्या कोणाचा, मग?

अडत घेताना तो शेतकऱ्याचा प्रतिनिधी असतो, कायद्याचा अर्थ तोच. पण शेतकरी वर्षातून दोनदा येतो, आणि खरेदीदार रोज. शेतकऱ्याला नाराज केलं तर एक गाडी जाईल, बड्या खरेदीदाराला दुखावलं तर दुकानासमोरची बोलीच थांबेल. शिवाय काही ठिकाणी एका भावाच्या नावावर अडतीचा परवाना असतो आणि दुसऱ्याच्या नावावर खरेदीचा. अशा वेळी लिलावात कोणासाठी जोर लावला जातो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून माल विकायला जाणाऱ्याने कागदाकडे लक्ष दिलेलं बरं. दुकानावर चालू वर्षाचा परवाना लावलेला आहे ना, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपल्यासमोर झालं ना, आणि हातात आली ती छापील हिशेबपट्टी आहे की वहीच्या पानावर लिहिलेली कच्ची पावती, हे बघायचं. पट्टीवर भाव, वजन, हमाली, तोलाई हे सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे. खरेदीदाराचं नाव असेल तर उत्तम. कच्च्या पावतीवर दुकानदार गायब झाला तर बाजार समितीकडेही हात बांधलेले असतात, कारण त्यांच्या दप्तरी तो व्यवहार झालेलाच नसतो. पक्की पट्टी असेल तर तक्रार समितीच्या सचिवाकडे करता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. हे कार्यालय लातूरलाही आहे आणि नांदेडलाही.